गढी, लग्नं आणि म्हाकूआबांची शेरडं

नोकरी कुठं करता, असं कोणी विचारलं की मी "गढीवर" म्हणायचे, आणि समोरचा माणूस माझ्याकडे जरा निरखून बघायचा. बाई पहाऱ्यावर असते की काय, असंच त्याला वाटत असणार. पहाराच होता म्हणा तो. फक्त शत्रू वेगळे होते. खिळे, हळद, फटाके आणि नवरदेवाचे मामा.

आमची गढी बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जराशी आत आहे. गढी म्हटलं की लोकांना एखाद्या सरदाराचं घर आठवतं. ही तशी नव्हती. हे निव्वळ लष्करी ठाणं होतं. चार बुरूज, भोवती खंदक, आत घोड्यांची लांबलचक पागा, दारूकोठार आणि शिपायांच्या खोल्या. शिपाई गेल्यावर कित्येक पिढ्या ती तशीच पडून होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या ऊस बागायतदारांनी एक समिती केली, सरकारदरबारी खेटे घालून परवानगी आणली, डागडुजी केली आणि गढी लोकांसाठी खुली केली. सकाळी बघायला येणारे, शाळांच्या सहली. आणि लग्नसराईत पागेत जेवणावळ, मधल्या चौकात मांडव. समितीचे अध्यक्ष तात्या. पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा, मनानं सरळ माणूस. मी जळोचीची. तेव्हा एका कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. तात्या एकदा कामाला आले, मला दोन तास फायली शोधताना बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमी आमची गढी सांभाळाल का? हितं तुमचं डोकं वाया चाललंय."

तशी मी गढीची व्यवस्थापक झाले. हाताखाली चार झाडणारी माणसं, एक माळी आणि दरवाजावर हवालदार. हवालदार पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा अशा की सहलीची पोरं आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग दरवाजाकडे.

या धंद्यात नसलेल्यांना सांगते, जुन्या दगडात कार्य करणं म्हणजे काय असतं. मांडववाल्याला पहिल्या दिवशी बजावायचं, भिंतीत एकही खिळा नाही. दोर बांधायचा तो जमिनीत रोवलेल्या बांबूला. दगडावर तेलातली हळद सांडली तर पाणी टाकायचं नाही, टाकलं की ती पसरते आणि आत शिरते. आधी कोरडी राख टाकून टिपायची. आचाऱ्याची चूल वारा बघून मांडायची, कारण बुरुजाच्या कमानीत आग्यामोहोळ आणि धूर तिकडं गेला तर वऱ्हाड कुठं पळेल सांगता येत नाही. हे तिसरं शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. एका साखरपुड्यात व्याही, विहीण आणि भटजी तिघेही पागेच्या एकाच कोपऱ्यात एका सतरंजीखाली बसलेले मी बघितले आहेत. पुढं ती सोयरीक मात्र फार छान टिकली.

दारूकोठाराची पाटी आम्हाला बदलावी लागली. तोफेची दारू ठेवायची ती जागा, आणि आत आमची भांडी. पण प्रत्येक लग्नात संध्याकाळच्या सुमाराला पाच-सहा पाहुणे त्या दाराशी घुटमळायचे. एकानं तर मला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं, "बाई, हे किती वाजता उघडतं?"

आणि एक नवरदेव हत्तीवरून आला. हौसेला मोल नसतं अशा घरचा मुलगा. वाजंत्री, फुलं, हत्ती दरवाजाशी. आमचा दरवाजा बघाल तर त्याला वीतभर लांब लोखंडी खिळे आहेत आणि त्याच्यापुढं वाट मुद्दाम वाकडी ठेवलेली आहे. हवालदारांनी सलाम ठोकला आणि सांगितलं, "नवरदेव, ह्यो दरवाजा हत्तीसाठी न्हाय केलेला. हत्तीच्या इरोधात केलाय." नवरदेव उतरला, चालत आत आला. हत्ती दिवसभर बाहेर ऊस खात उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर वऱ्हाडातलं कोणीच त्याच्याइतकं समाधानानं जेवलं नसेल.

असं बरंच सांगता येईल. पण हे लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती सांगताना मला अजून थोडं अवघडायला होतं.

गढी सुरू केली त्या पहिल्याच उन्हाळ्यात, ज्येष्ठ नुकता लागलेला, एका मोठ्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. दुपारची चारची वेळ. वरात दरवाजाशी येत होती. आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं धूळ उठली. मेंढरं. दोनएकशे तरी असतील, त्यांत शेरडं, मागं संसार लादलेली दोन घोडी, घोड्यावरच्या पाटीत कोंबड्या. वरात थांबली, बेंजो थांबला, नवरदेवाचा घोडा बिचकला.

पुढं एक उंच, वाळका म्हातारा होता. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात आकडी लावलेली लांब काठी. हे म्हाकूआबा. धनगरांची ही माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, ज्येष्ठाला परत यायची. परत आली की पावसाळाभर त्यांचा मुक्काम आमच्या गढीच्या खंदकात आणि पाऊस जास्त झाला तर पागेत. आबांच्या आज्यापासून हे चालत आलेलं. डागडुजी झाली तेव्हा ते कोकणात होते. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. कळवायचं असतं, हेही आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हवालदारांनी मला बोलावलं. मी जरीची साडी सावरत बाहेर गेले.

"आबा, इथं आता थांबता येणार नाही. गढी समितीनं घेतलीय. कार्य चालू आहे."

आबांनी आत मांडवाकडं बघितलं. चिडले नाहीत. "लई चांगलं केलंसा," म्हणाले. "लगीन वर हाय न्हवं? आमी खाली खंदकात उतरतो. तुमाला आमचा तरास व्हनार न्हाय."

वरपक्षाचे लोक खोळंबले होते. तात्या लांबून हात करत होते, आटपा म्हणून. मी म्हणाले, "आबा, खंदकातही नाही. लोक जेवायला बसणार. वास येतो."

वास येतो. दोनच शब्द. आबांच्या मागं त्यांची बायको ठकूबाई उभी होती, घोड्याचा कासरा धरून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. आबा नुसतं "बरं" म्हणाले. मग त्यांनी तोंडानं एक आवाज काढला आणि ती सगळी दोनशे जनावरं एका पानासारखी वळली. मला आठवतं, त्या घाईतही माझ्या मनात आलं की आमच्या मांडववाल्याला चार माणसं अशी वळवता येत नाहीत.

वरात आत आली. लग्न उत्तम झालं. तात्यांनी माझं कौतुक केलं.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. गढीचं नाव होत चाललं. पुण्याहून लोक येऊ लागले. पहिल्या पावसाळ्यानंतर तटावर हिरवी रोपं दिसली तेव्हा मला तर ती शोभाच वाटली. कोवळी, तांबूस पानांची. एका फोटोग्राफरनं त्यांच्यापुढं नवरानवरी उभी केली. दुसऱ्या वर्षी माळ्यानं ती कापली. तिसऱ्या वर्षी एकाच्या जागी चार आली.

मार्गशीर्षात एक साखरपुडा होता. दक्षिणेच्या बुरुजाखाली आचाऱ्यांनी चूल मांडली होती. स्वयंपाक उरकून माणसं वाढायला पागेत गेली आणि मागं मोठा आवाज झाला. मला वाटलं सिलिंडर. पळत गेले तर बुरुजाचा एक कोपरा खाली आला होता. माणूसभर उंचीचा दगडांचा ढीग. पाऊण तास आधी जिथं सहा माणसं पुऱ्या लाटत बसली होती, तिथं आता पितळी पातेलं दगडाखाली पापडासारखं चपटं झालं होतं. कोणाला खरचटलंही नाही. मी आधी ती सहा माणसं मोजून घेतली.

समितीनं दक्षिणेची बाजू बंद केली. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आपटेसाहेब बघायला आले. शांत गृहस्थ, चष्मा कपाळावर ठेवून दगडाला हात लावून बघायचे. पडलेल्या जागी त्यांनी मला आत हात घालायला लावला. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं मूळ, माझ्या मनगटाएवढं. जुना चुना त्यानं पीठ करून टाकला होता.

"पक्षी बी टाकतात, फटीत रुजतं," ते म्हणाले. "कापलं की मुळं अजून जोर धरतात. मोठी झालेली उपटायलाही जाऊ नका, त्यांच्याबरोबर भिंत येईल. खरा उपाय एकच. रोप बोटभर असतानाच जायला हवं, आणि पावसाळाभर, सतत."

"सतत म्हणजे?"

"रोज म्हटलं तरी चालेल. एवढ्या तटावर रोज कोण चढणार, ते मला विचारू नका."

आम्ही माणसं लावली, दोर बांधून कापलं, वरून औषध ओतलं. फाल्गुनात बघते तर बुंध्यांतून तांबूस पानं पुन्हा डोकावत होती. त्या दिवशी आपटेसाहेब परत आले होते. दरवाजात उभे राहून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एक कळत नाही. पिंपळ काही नवे नाहीत, पक्षीही नवे नाहीत. मग इतकी वर्षं ही भिंत शाबूत राहिली कशी? आधी इथं होतं काय?"

हवालदार अटेन्शनमध्ये उभे होते. ते म्हणाले, "शेरडं हुती, साहेब."

आम्ही दोघं वळलो.

"म्हाकूआबाची शेरडं. पावसाळाभर तटावर असायची. आमी ल्हान असताना मोजायचो, कुटली किती वर चढली त्ये. पिंपळाचं कवळं पान म्हंजे शेरडाला पेढा."

आपटेसाहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तटाकडं वर बघितलं. मग ते हसू लागले. मला हसू आलं नाही. मला ठकूबाईचा चेहरा दिसत होता.

आबांचा शोध घ्यायला महिना गेला. त्यांच्या वस्तीवर कुलूप होतं. कन्हेरीत त्यांची लेक दिलेली होती, तिनं सांगितलं की आबा भावाकडं पळसदेवला असतात, धरणाचं पाणी उतरल्यावर तिथं गवत चांगलं येतं. चैत्रात मी एसटीनं गेले. जलाशयाचं पाणी लांब गेलेलं, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलेलं आणि त्याच्या अलीकडं ओल्या गाळावर हिरवं गवत. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. समोर शेरडं-मेंढरं मिळून चाळीसही नसतील. मुलानं ट्रॅक्टर घेतला होता. कोकणात जाणं थांबलं होतं.

मला त्यांनी लगेच ओळखलं. "गढीवाल्या बाई," म्हणाले. "बसा."

ठकूबाईनं घोंगडं अंथरलं.

"आबा, मी त्या दिवशी चुकीचं बोलले."

आबांनी हात हलवला. "लगनाची गडबड व्हती."

"गडबड होती म्हणून नाही. मला तसंच वाटलं होतं, म्हणून बोलले."

ठकूबाई पहिल्यांदाच बोलली. "वास येतोच की बाई मेंढराला. त्येचं काय न्हाय. पर तुमी पानी इचारलं न्हाय. उनातनं आल्तो."

ठकूबाई उठली आणि तिनं मला पाणी आणून दिलं.

मग मी बुरुजाचं सांगितलं. कोपरा पडला म्हटल्यावर आबा काठी सोडून एकदम ताठ झाले. "कुटला? दक्षिनेचा? त्येच्यात खालच्या अंगाला भेग हाय, तितं पानी मुरतं. आमी दर साली चिखूल-शेण लावायचो." जणू घरातलं कोणी आजारी आहे आणि औषध चुकलं, अशा आवाजात त्यांनी विचारलं, "येवडं झालं आन् तुमी आता सांगतायसा व्हय?"

मी म्हटलं, "परत या."

"समितीला इचारलंसा?"

विचारलं नव्हतं. परत येऊन विचारलं तेव्हा तात्यांचा आवाज चौकात घुमला. "लग्नाच्या जागंत लेंड्या? बाई, तुमाला काय झालंय? पुण्याची मान्सं येत्यात!"

मी त्यांना बुरुजाखाली नेलं आणि ते चपटं पातेलं दाखवलं. "तात्या, सहा माणसं होती इथं. पुढच्या वेळी पाऊण तास मिळेल असं नाही."

तात्यांनी वाकून पातेल्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सोमवारी गढी बंद असती. सोमवारी येऊ द्या. आन् पावसाळ्यात तशी लग्नं न्हाईतच, तवा रोज येऊ द्या. पर पागेत न्हाय."

"पागेत नाही," मी कबूल केलं.

ज्येष्ठात आबा आले. पहिल्या दिवशी त्यांनी शेरडं सोडलीच नाहीत. एकटे काठी टेकत सबंध तट फिरले, मी मागून. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण पाय कुठं ठेवायचा हे त्यांना बघावं लागत नव्हतं. पायानंच कळत होतं. कुठला दगड हलतो, कुठल्या सांध्यात पाणी थांबतं, कुठं घोरपड राहते. मनगटाएवढ्या झालेल्या एका पिंपळाशी थांबून ते म्हणाले, "ह्येला आता हात लावू नगा. ह्येनं भित खाल्ली, पर आता ह्येनंच धरलीया. पानं तेवडी खाऊ द्या, आपसूक दमंल." आपटेसाहेबांनी मला जे दोन पानी टिपण लिहून दिलं होतं, त्यात याहून वेगळं काही नव्हतं. मी ते साहेबांना सांगितलं तेव्हा ते पुढच्या सोमवारी मुद्दाम आले आणि दिवसभर आबांच्या मागं वही घेऊन फिरले. चुन्याची डागडुजी कुठून सुरू करायची हे त्या वहीवरून ठरलं.

आणि शेरडं! माणूस दोर बांधून जिथं जाऊ धजत नव्हता, तिथं एक काळी शेळी चार बोटांच्या कंगोऱ्यावर उभी राहून मान लांब करून रोप ओढायची. आबा खालून तिला नावानं सांगायचे, डावीकडं, अजून वर. सहलीच्या पोरांना तोफेपेक्षा शेळी आवडायला लागली. बघायला येणारे पुणेकर तिचे फोटो काढायचे. दोन पावसाळ्यांत तट स्वच्छ झाला. बुरुजाचा कोपरा पुन्हा उभा राहिला. लेंड्या माळी गोळा करायचा, आणि आमची जास्वंद तालुक्यात कोणाची नाही अशी फुलली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं त्या सुमाराला, एका वैशाखात, आबा माझ्या कचेरीत आले. धुतलेलं धोतर, नवं पागोटं. नेहमी उंबऱ्यातून बोलणारे, त्या दिवशी खुर्चीवर बसले.

"नातीचं लगीन हाय. हिराचं. गढीत करायचंय."

मला इतका आनंद झाला. "आबा, पागा तुमचीच. चौकात मांडव घालू, तात्यांना मी सांगते."

"पागा नगं. आमाला खंदक द्या. दक्षिनेच्या बुरजाखाली."

मला वाटलं, आपल्या त्या जुन्या बोलण्याचा सल अजून आहे. मी तसं म्हणाले. आबा हसले. "न्हाय वो बाई. तसं न्हाय. तुमी लगनाला या, म्हंजी कळंल."

खंदक आम्ही झाडून घेतला, सारवला. बांबू रोवले. तात्या स्वतः उभं राहून दिवे लावून घेत होते. हळदीच्या सकाळी मी खाली उतरले तर ठकूबाई हिराचा हात धरून बुरुजाच्या पायथ्याशी उभी होती. हळदीनं पिवळी झालेली पोरगी, आणि म्हातारी तिला बोटानं जमीन दाखवत होती.

"हितं. पाऊस ह्यो असा लागल्याला. मेंढरांच्या जाळीची वाघर बांदली, तिच्यावर घोंगडं टाकलं, आडोसा केला. हितं तुजी आई बाळत झाली. आन् तितं, त्या दगडाशी, तुजी नाळ पुरलीया."

हिरा त्या जागेकडं बघत राहिली. मीही. मग मी विचारलं, "अजून कोण जन्मलं इथं, ठकूबाई?"

ती बोटं मोजू लागली. हिराचा बाप. त्याची बहीण. आबा स्वतः. आबांचे दोन भाऊ. मग म्हणाली, "त्येच्या आदीचं सासूबाईस्नी ठावं."

त्या दिवशी मी अक्षता टाकल्या, जेवले, वाढलंही. पण माझं लक्ष वर दरवाजाशी होतं. तिथं गढीच्या माहितीची पाटी होती. मजकूर माझाच. शेवटचं वाक्य होतं, शिपाई गेल्यानंतर ही गढी ओसाड पडली. किती सहलींना ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं असेल.

चार दिवसांनी रंगाऱ्याला बोलावलं. तात्यांना कागद दाखवला. ते वाक्य काढून मी नवं लिहिलं होतं: शिपाई गेल्यानंतर म्हाकूआबांच्या घराण्यानं आणि त्यांच्या जनावरांनी ही गढी सांभाळली.

तात्यांनी कागद लांब धरून वाचला. "सांभाळली" या शब्दावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता हरकत घेणार.

"बाई, तुमचं व्याकरण चुकलंय," ते म्हणाले. "सांभाळत्यात, असं लिवा."